तांब्याच्या तारेचे दुसरे आयुष्य

१/ दिवाळे हे बेलापूरच्या खाडीकाठचे जुने कोळी गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे गावाच्या शेजारीच नवी मुंबईचे प्रशासकीय केंद्र उभे राहिले. हा परिसर एमटीएनएलच्या मुंबई विभागात येई. टेलिफोनच्या तांब्याच्या तारा इथे आल्या त्या केवळ बोलण्यासाठी. त्यांवरूनच वेगवान इंटरनेट कसे धावू लागले, त्याचा हा इतिहास.

२/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. मोडेम चक्क फोन लावत असे. तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडे. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. एक मेगाबाइटचे छायाचित्र उतरायला सुमारे १४ मिनिटे लागत.

३/ दोष तारेचा नव्हता. दूरध्वनी यंत्रणा मानवी आवाजापुरती, म्हणजे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झची, आखलेली होती. तार मात्र दहा लाख हर्ट्‌झच्याही वरच्या लहरी वाहू शकत होती. हा वरचा सारा पट्टा रिकामाच होता.

४/ १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बेलकोर संस्थेच्या जोसेफ लेकलायडर यांनी एक नेमकी गोष्ट हेरली. एकाच केबलमधील शेकडो तारा एकमेकींच्या संदेशात लुडबुड करतात. दोन्ही दिशांना समान वेग देण्याचा हट्ट सोडला, घराकडे येणारी वाट रुंद आणि परतीची अरुंद ठेवली, तर हा त्रास पुष्कळ घटतो. एडीएसएलमधील पहिल्या ‘ए’चा, म्हणजे ‘असमान’ या शब्दाचा, उगम हा.

५/ खरी करामत घडे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तिथे आलेल्या प्रत्येक तारेवर ‘स्प्लिटर’ आवाज आणि डेटा वेगळे करी. आवाज नेहमीच्या स्विचकडे जाई, डेटा ‘डीस्लॅम’ या यंत्राकडे. डीस्लॅममध्ये प्रत्येक ग्राहकासाठी एक मोडेम सतत जोडलेला असे. शेकडो ग्राहकांचा डेटा एकत्र करून हे यंत्र तो एकाच जाड वाटेने, बहुधा ऑप्टिकल फायबरने, पुढे धाडी. फोन आणि इंटरनेट आता एकाच वेळी चालू लागले.

६/ २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले. २००५ मध्ये एमटीएनएलची ‘ट्रायबँड’ सेवा आली. त्यासाठी घरोघरी नवी तार टाकावी लागली नाही; जुनीच कामी आली.

७/ पण तांब्याची एक अट होती : अंतर. लहर जितकी उच्च, तितकी ती तारेत लवकर क्षीण होते. साधारण पाच किलोमीटरपलीकडे ही सेवा जवळपास निरुपयोगी ठरे. हे अंतर नकाशावरचे नव्हे, वळणे घेत जाणाऱ्या तारेचे. दिवाळ्यातील घर असो वा बेलापूरच्या सेक्टरमधील, पैसे सारखेच मोजूनही वेगाची कमाल मर्यादा एक्स्चेंजपासूनची तार ठरवी.

८/ घरापर्यंत पोहोचलेल्या फायबरने ही अट जवळपास पुसून टाकली. तरीही अनेक मध्यमवर्गीय घरांत अखंड इंटरनेट पहिल्यांदा आले, ते बोलण्यासाठी टाकलेल्या या तारेवरूनच.