रावबाजींची गादी

रावबाजी म्हणजे दुसरे बाजीराव पेशवे. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी त्यांचा पराभव केला. ते वसईला गेले, ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह केला आणि मे १८०३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या आधाराने पुण्यात परतले. त्या तहाची तैनाती फौज पुढे घोडनदीकाठी शिरूरच्या छावणीत राहिली. बरोबर पंधरा वर्षांनी, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, कंपनीचा कॅप्टन स्टॉन्टन त्याच छावणीतून सुमारे आठशे माणसे व दोन तोफा घेऊन निघाला. सकाळी कोरेगावला भीमेपलीकडे त्याला आता कंपनीविरुद्ध उभे असलेले पेशव्यांचे सैन्य दिसले.

‘पळपुटा’ या शिवीने बाजीरावांचा उलगडा होत नाही, असे माझे ठाम मत आहे. नाना फडणवीस, दौलतराव शिंदे आणि नंतर कंपनी, प्रत्येकाला पेशव्यांचे नाव हवे होते. म्हणूनच ते टिकले. मेक्सिकोचा सेनानी सांता आन्ना १८३६ मध्ये टेक्सासात कैद झाला, तरी देशाने त्याला पुन्हा सत्तेवर बसवले. बाजीरावांना मात्र कंपनीने बसवले होते. जून १८१८ मध्ये कंपनीचा अधिकारी माल्कम याला शरण गेल्यावर त्यांना सालिना आठ लाखांचा तनखा आणि बिठूर मिळाले, पुणे कायमचे सुटले.