एका कान्याचे अंतर



वसंतातल्या या व्याख्यानांना आपण दरवर्षी येता, राज्यांचे उदयास्त ऐकता, थोरामोठ्यांची चरित्रे ऐकता. आज मी जो इतिहास सांगणार आहे त्यात लढाई नाही, तह नाही, सिंहासन नाही. त्यात एक पोलिसी दाखला आहे, एका मासिकातली छायाचित्रे आहेत, रात्री स्वयंपाकघरात चाललेले विणकाम आहे आणि एका डोंगरी खेड्यातील नोंदवहीत भरलेली एक ओळ आहे. जन्माच्या वेळी ज्यांची नोंद मुलगा म्हणून झाली, पण स्वतःतले स्त्रीपण ओळखून जी माणसे त्या वाटेने एकेक पाऊल टाकीत गेली, त्यांचा हा इतिहास आहे. ती पावले कोणती, ती साजरी कशी झाली, आणि ती साजरी करण्याला एवढे महत्त्व का, इतकाच आजचा विषय.

प्रथम आपल्या घरापासूनच आरंभ करू. लहानसहान टप्पे साजरे करण्यात आपल्यासारखा हौशी समाज विरळाच. मूल पाळण्यात घातले की बारसे, त्याने पहिला भात खाल्ला की उष्टावण, पहिली संक्रांत आली की हलव्याचे दागिने आणि बोरन्हाण. यातले त्या मुलाला काय कळते? काहीही नाही. सोहळा असतो तो साक्षीदारांचा. शेजारणी जमतात, आत्या कानात 'कुर्रर्र' करते, आणि त्या क्षणापासून ते नाव सर्वांच्या तोंडी बसते. नाव एकट्याने ठेवता येत नाही. त्या नावाने हाक मारणारे कोणी असावे लागते.

आता असे समजा की एखाद्या व्यक्तीला आपले खरे नाव तिशीत सापडले. तिचे बारसे कोणी करावयाचे?

आपल्या भाषेने तर हा प्रश्न आणखी कठीण करून ठेवला आहे. इंग्रज किंवा जर्मन माणूस आपण आल्याची वर्दी देतो तेव्हा आपण स्त्री की पुरुष हे त्याला क्रियापदात सांगावे लागत नाही. प्रमाण मराठीत ते सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. पुरुष 'मी आलो' म्हणतो, स्त्री 'मी आले' म्हणते. लिहून पाहा. मात्रा दोन्हींकडे तीच, गळतो तो फक्त एक काना. परंतु ज्या व्यक्तीने जन्मभर 'आलो' म्हटले, तिने एके दिवशी उंबरठा ओलांडताना 'आले' म्हणणे, आणि घरातील कोणीतरी मान वर न करताच 'बस, चहा टाकते' म्हणणे, याचे मोल त्या व्यक्तीलाच ठाऊक. बाहेरून पाहणाऱ्याला तेथे काही घडलेलेच दिसत नाही. आपल्याकडील तृतीयपंथी समाजाने ही गरज फार पूर्वीच ओळखली होती. तेथे गुरू चेल्याला आपल्यात घेतो तेव्हा नवे नाव देतो, आणि ते चार माणसांच्या देखत देतो.

कोणी म्हणेल, स्त्रीवेशातील पुरुष महाराष्ट्राला अपरिचित थोडाच आहे? खरे आहे. १८८८ साली जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांनी 'मानापमाना'तील भामिनी, 'स्वयंवरा'तील रुक्मिणी, 'एकच प्याल्या'तील सिंधू उभी केली. त्यांचे लुगडे नेसणे, त्यांचे अंबाडे आणि दागिने यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. परंतु नाटकाला पडदा असतो. तो पडला की रंग पुसला जातो, आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातात. त्या नटश्रेष्ठाच्या अंतर्यामी काय होते हा आपला प्रश्न नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. पडदा पडल्यानंतरही ज्यांना तसेच राहावयाचे होते, त्यांना टाळ्या देणारे प्रेक्षक कोठे होते?

पडद्यामागच्या या आयुष्याची टिपणे पद्धतशीरपणे गोळा होऊ लागली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, बर्लिन शहरात. तेथील वैद्य माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात १७ व्यक्तींच्या हकीकती दिल्या. त्यांतील एक सोडून बाकीच्या सर्व स्त्रीवेशाची ओढ असलेल्या पुरुषांच्या होत्या. शास्त्रीय ग्रंथात लहान तपशिलांना सहसा जागा नसते. हिर्शफेल्ड यांनी मात्र लोकांना त्यांच्या बालपणापासून बोलते केले आणि त्यांचे शब्द जपून ठेवले.

त्या काळी पुरुषाने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे हा जर्मनीत स्वतंत्र गुन्हा नव्हता, पण सार्वजनिक उपद्रव म्हणून पोलिस धरून नेत. १९०९-१० च्या सुमारास वैद्यकीय अभिप्रायावरून बर्लिनचे पोलिस एक दाखला देऊ लागले. अमुक व्यक्ती स्त्रीवेशात वावरते हे पोलिसांना माहीत आहे, एवढाच त्याचा आशय. हा हक्क नव्हता, मेहेरबानी होती. दाखला मिळण्यासाठी वैद्यापुढे आणि अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागे. तरीही ज्या व्यक्तीने तोवर अंधार पडल्यावाचून घराबाहेर पाऊल ठेवले नव्हते, तिला त्या कागदामुळे दिवसाउजेडी मंडईत जाता येऊ लागले. भाजी आणण्यासारखी सामान्य गोष्ट जिच्या आयुष्यात प्रथमच घडते, तिने तो दिवस लक्षात ठेवावा यात नवल ते काय!

दुसरा टप्पा छायाचित्राचा. १९३० ते १९३२ या काळात बर्लिनमध्ये 'तिसरे लिंग' अशा अर्थाच्या नावाचे एक मासिक निघत असे. अंक मोजकेच निघाले, पण त्यांत अशा वाचकांची स्त्रीवेशातील छायाचित्रे छापली जात. आपल्याकडे लग्न ठरले की फोटो काढण्याची चाल होती. तो फोटो कशासाठी? हा क्षण आपल्या आयुष्यात आला होता याचा पुरावा राहावा म्हणून. या छायाचित्रांचाही हेतू तोच. आरशातले रूप दिवा मालवला की जाते. छापलेले रूप परगावी एकट्या राहणाऱ्या दुसऱ्या कोणाला दिसते, आणि जगात आपण एकटे नाही हे तिला उमगते.

तिसरा टप्पा नावाचा. डेन्मार्कमधील चित्रकार गेर्डा वेगेनर यांची आयुष्याची जोडीदार आज जगाला लिली एल्बे या नावाने माहीत आहे. १९३१ साली डॅनिश भाषेत निघालेल्या तिच्या चरित्रग्रंथात आरंभाची हकीकत आहे. एकदा गेर्डांच्या चित्रासाठी बसावयाची नटी, आना लार्सन, वेळेवर आली नाही. तिच्या जागी ही व्यक्ती स्त्रीवेशात बसली. मागाहून आना आली, आणि तिनेच थट्टेथट्टेत 'लिली' हे नाव ठेवले. म्हणजे बारसे झाले ते चित्रशाळेत, आणि आत्याची भूमिका केली एका मैत्रिणीने! त्या थट्टेतल्या नावाला सरकारी पारपत्रावर उमटण्यास १९३० साल उजाडावे लागले. पुढच्याच वर्षी, १३ सप्टेंबर १९३१ रोजी, शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यात ड्रेस्डेन येथे लिलीचा अंत झाला. स्वतःच्या नावाचे पारपत्र तिच्या हाती वर्षभरही राहिले नाही.

आता जिच्यासाठी हे सारे सांगितले तिच्याकडे वळतो. तिचे नाव डोरा रिश्टर. बोहेमियातील झाइफेन नावाच्या डोंगरी खेड्यात, गरीब घरी, १८९२ साली तिचा जन्म झाला. लिलीसारखे तिच्याभोवती कलावंतांचे वर्तुळ नव्हते. हिर्शफेल्ड यांनी १९१९ साली बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची जी संस्था काढली, तेथे डोरा मोलकरीण म्हणून राहिली. अन्यत्र कोठेही नोकरी न मिळणाऱ्या अशा इतरही काहीजणी तेथे काम करीत. १९३१ पर्यंत डोरावर टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया झाल्या, आणि वैद्यकाच्या इतिहासात तिची नोंद झाली ती त्यांच्यामुळे. पण संस्थेतील शल्यवैद्य लुडविग लेव्ही-लेन्झ यांनी आपल्या आठवणींत दुसरेच एक चित्र जपले आहे. दिवसाची कामे आटोपल्यावर या मोलकरणी स्वयंपाकघरात एकत्र बसत, विणकाम-शिवणकाम करीत आणि जुनी लोकगीते म्हणत.

श्रोतेहो, या चित्रापाशी मी पुन्हा पुन्हा थबकतो. तेथे शस्त्रक्रिया नाही, न्यायालय नाही. हातात सुई आहे, ओठांवर गाणे आहे, आणि शेजारी बसलेली बाई आपल्याला बाई म्हणून ओळखते आहे. याहून मोठा उत्सव कोणता?

ते स्वयंपाकघर टिकले नाही. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी संस्थेवर हल्ला केला आणि ग्रंथालय लुटले. १० मे रोजी ऑपेरासमोरील चौकात पुस्तकांची होळी झाली, तीत या संस्थेचे ग्रंथही जळाले. हिर्शफेल्ड त्या वेळी देशाबाहेर होते. त्याआधीच्या जगप्रवासात, १९३१ साली, ते हिंदुस्थानात येऊन गेले होते आणि मुंबईलाही उतरले होते. ते मायदेशी परतू शकले नाहीत आणि १९३५ साली फ्रान्समध्ये वारले. आणि डोरा? तिचा पुढे पत्ता नाही, बहुधा त्या हल्ल्यातच ती मारली गेली, असे अनेक दशके लिहिले जात होते. मोठ्या इतिहासाने तिचा अध्याय मिटवून टाकला होता.

तो पुन्हा उघडला अगदी अलीकडे, काही वर्षांपूर्वी, आणि उघडला कशाने? चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीने. जुनी दफ्तरे चाळणाऱ्यांना झाइफेनच्या नोंदवहीत डोराच्या जन्माच्या नोंदीपाशी मागाहून घातलेली एक टीप आढळली. १९३४ साली चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारी संमतीने तिचे नाव बदलून डोरा झाल्याची ती टीप होती. १९३३ साली मारली गेलेली बाई १९३४ साली नाव कसे बदलून घेईल? म्हणजे ती जिवंत होती! पुढे कागदाला कागद जुळत गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन भाषिकांना त्या प्रदेशातून घालवून दिले, त्यांत तीही निघाली आणि जर्मनीतील आलर्सबर्ग या गावी राहिली. १९६६ साली ती तेथेच वारली, तेव्हा तिचे वय ७४ होते.

विचार करा, १९३४ साल आहे. संस्था जळाली आहे, मैत्रिणी पांगल्या आहेत, डोक्यावरचे छत्र गेले आहे. अशा वेळी ही बाई कोणती गोष्ट मिळवते? आपले नाव. जेथे बाप्तिस्मा झाला त्याच गावच्या वहीत ते भरले जाते. एका परीने हे तिचे दुसरे बारसेच. त्या दिवशी कोणी जेवायला आले होते का, कोणी गोडधोड केले होते का, त्याची टिपणे नाहीत. पण त्या एका ओळीने जे केले ते मोठमोठ्या ग्रंथांना जमले नाही. तिने डोराला मृतांच्या यादीतून परत आणले.

एवढ्याशा गोष्टींचे कौतुक कशाला, बांगड्या भरल्या, नाव बदलले, त्यात साजरे करण्यासारखे काय, असे विचारणारे कालही होते आणि आजही आहेत. त्यांना माझे उत्तर ही नोंदवही आहे. मोठे टप्पे दुसऱ्यांच्या हाती असतात. कायदा, शस्त्रक्रिया, सरकारचा कल यांवर एकट्या माणसाचा अधिकार चालत नाही. आपल्याकडे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर २०१९ साली संसदेने कायदा केला, आणि त्याच्या कलमांवर लगेच वादही सुरू झाले. कायदे होतात, बदलतात. बर्लिनमध्ये तर दोन दशकांत मिळविलेले एका वसंतात राख झाले. लहान टप्पे मात्र माणसाच्या स्वतःच्या हातचे असतात, आणि ते पाहणारा एक साक्षीदार मिळाला की ते सहसा पुसले जात नाहीत.

तो साक्षीदार होण्याला पैसा लागत नाही, विद्वत्ता लागत नाही. आना लार्सनने थट्टेत एक नाव ठेवले. गावच्या लेखनिकाने एक ओळ लिहिली. स्वयंपाकघरातल्या मैत्रिणीने गाण्याला सूर दिला. उद्या आपल्या ओळखीचे कोणी दारात उभे राहून, जरा अडखळत, 'मी आले' म्हणेल. पेढे वाटण्याची गरज नाही. गळलेल्या कान्याची चर्चा तर मुळीच नको. 'ये, बस' एवढे म्हणा आणि चहाचे आधण ठेवा.