एका आमदाराचा जमाखर्च

आमदार कोणाच्या पैशावर निवडून येतो, हा प्रश्न आम्ही कारखान्यांच्या गेटसभांत पुष्कळदा विचारला आहे. दर वेळी हशा पिकतो. माणसे हसतात ती उत्तर ठाऊक असते म्हणून; आणि उत्तर ठाऊक असूनही पुढच्या मतदानाला तीच माणसे मुकाट्याने रांगेत उभी राहतात. तोच प्रश्न हाती घेऊन आज एका आमदाराच्या कारकिर्दीकडे पाहावे, असा आमचा विचार आहे. आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा आठवीत सुटली. पुढले शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या फाटक्या पुस्तकांवर आणि लेबर कोर्टाच्या बाकावर झाले. चुकले-माकले तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

हे आमदार म्हणजे सांगोल्याचे गणपतराव देशमुख. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ते प्रथम विधानसभेत आले. १९७२ साली पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी पुन्हा पडले, १९९९ साली पुन्हा आले, आणि २०१९ साली आपण होऊन थांबले. एकच मतदारसंघ, एकच पक्ष, अकरा विजय. सभागृहातली वर्षे मोजली तर सुमारे पन्नास भरतात. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले.

घराणे राजकारणातले नव्हे. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, धनगर समाजातला. पुण्यास वकिलीचे शिक्षण घेतले आणि शेकापच्या कामात पडले. कर्मभूमी म्हणून वाट्याला आले सांगोले, जिथे माण नदीत पाण्यापेक्षा वाळू अधिक दिसते. पुढे सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने वाढले, आणि जो कारखान्याचा चेअरमन तोच तालुक्याचा धनी, अशी घडी बसली. आबासाहेबांची (सांगोल्यात त्यांना याच नावाने ओळखीत) पुण्याई त्या गोदामातली नव्हती. मत द्यायचे आणि वर निवडणुकीसाठी वर्गणीही द्यायची, अशी त्यांच्या तालुक्यातली रीत सर्वश्रुत आहे. आमदार झाल्यावरही ते एस.टी.ने प्रवास करीत. लोक याचे फार कौतुक करतात. आम्हांस त्यात कौतुकापेक्षा हिशेब अधिक दिसतो. ज्याने वर्गणी दिली तो एस.टी.त शेजारच्या बाकावर बसतो आणि मुंबईस जाऊन काय केलेस ते विचारतो. बंद काचेच्या मोटारीत हा प्रश्न पोचत नाही.

आता थोडे कायद्याकडे वळू, कारण या वर्गणीचे मोल त्याशिवाय कळायचे नाही. १९६२ साली विधानसभेच्या सर्वसाधारण जागेची अनामत २५० रुपये होती. पुढे २००९ साली ती १० हजार झाली. ती अडचण लहान. मोठी गोष्ट पुढेच आहे. १९६९ साली कंपन्यांनी पक्षांस देणग्या देण्यावर बंदी आली. १९८५ साली ती उठली. मधल्या काळात, १९७४ साली, सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सांगितले की, उमेदवारासाठी त्याच्या पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे. निकाल ऑक्टोबरात लागला आणि त्याच महिन्यात वटहुकूम काढून सरकारने तो निकामी केला. कामगारांच्या बाजूने लागलेल्या निकालाची अंमलबजावणी व्हावी म्हणून आम्ही वर्षे-वर्षे चपला झिजवल्या आहेत. त्यामुळे सरकार इतके तत्पर होऊ शकते, हे वाचून आम्हांस मौज वाटली. २०१४ साली महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २८ लाख झाली, २०२२ साली ४० लाख. पक्षाच्या खर्चास मर्यादा नाहीच. २०१८ साली देणगीदाराचे नाव जनतेपासून झाकणारे निवडणूक रोखे निघाले, ते १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने रद्द केले.

याउलट कामगार संघटनांस १९२६ च्या कायद्याने काय बंधन घातले होते पाहा. सामान्य वर्गणीतला पैसा निवडणुकीस वापरता येत नसे. राजकीय फंड वेगळा काढावा लागे, आणि तो ज्या-त्या सभासदाने राजीखुशीने द्यावयाचा. मालकाचा हात मोकळा आणि कामगाराच्या डब्याला कुलूप, अशी आम्ही पुष्कळ वर्षे तक्रार केली. परंतु खरे सांगावयाचे तर तो डबा आमच्याच संघटनेत वीस वर्षे उघडलाही गेला नव्हता. एका निवडणुकीत आमचा माणूस उभा होता. एका ठेकेदाराने प्रचारास दोन जीपगाड्या आणि जेवणाचा खर्च दिला. आम्ही तो घेतला. घेणाऱ्यांत आम्ही स्वतः होतो, दुसऱ्या कोणाचे नाव पुढे करीत नाही. दोन वर्षांनी त्याच ठेकेदाराच्या कंत्राटी कामगारांची बोनसची मागणी आली, आणि सभेत बोलावयास उभे राहिलो तेव्हा मागून एक म्हातारा हमाल एवढेच म्हणाला, "साहेब, जीपगाडीतून आलात का?" त्या दिवशीचे भाषण पुरे झाले नाही.

असो. आता आबासाहेबांच्या कामाकडे. विरोधी बाकावरच्या आमदाराच्या नावावर कायदे फार नसतात. त्याची हत्यारे म्हणजे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना. पन्नास वर्षांपैकी सत्तेच्या बाकावरची त्यांची वर्षे थोडी: १९७८ च्या पुलोद मंत्रिमंडळातली आणि १९९९ नंतरची. या दोन्ही वेळांशी जोडलेली एक गोष्ट आमच्या विशेष जिव्हाळ्याची आहे, ती म्हणजे रोजगार हमी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून, पुलोदच्या काळात, अमलात आला. आणि १९९९ साली तेच खाते पणन खात्याबरोबर गणपतरावांकडे आले. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता, हे या कायद्याचे मर्म होय. २००५ साली केंद्राने केलेला कायदा याच वाटेने गेला. परंतु यासाठी पैसा कोठून आला? १९७५ साली व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारदाराच्या पगारपत्रकातून तो कापला जाई, आणि जमेल तितकीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालावयाची होती. आमच्या कामगारांनी या कपातीबद्दल पुष्कळ कुरकुर केली. गिरणीतल्या माणसाच्या पगारातले चार पैसे त्याच्याच गावच्या नालाबांधावर खडी फोडणाऱ्या वहिनीच्या मजुरीत जात आहेत, हे आम्ही त्यांस नीट समजावून सांगितले नाही. तो दोष आमचा.

दुसरी गोष्ट पाण्याची. १९९३ पासून आटपाडीस नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या, त्यांत गणपतराव होते. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलून माणदेशात आणावयाचे, ही मागणी सभागृहात आणि रस्त्यावर वर्षानुवर्षे लावून धरावी लागली. तिसरी गोष्ट सूतगिरणीची. सांगोल्याच्या शिवारात कापूस नाही, तरी तिथली सहकारी सूतगिरणी चालली. सहकारी गिरण्यांच्या बंद फाटकांसमोर आम्ही इतकी भाषणे केली आहेत की, चालती गिरणी दिसली म्हणजे आधी हजेरीपत्रक मागावेसे वाटते.

एवढे गुण गाइल्यावर उणेही सांगितले पाहिजे. १९६७ साली शेकापचे १९ आमदार होते, १९९९ साली ५, २०१४ साली ३. म्हणजे एका तालुक्यात जी वर्गणीची रीत पन्नास वर्षे टिकली, ती शेजारच्या तालुक्यात रुजली नाही. पक्षाची अशी झीज चालू असताना, ज्या काँग्रेसवाल्यांशी जन्मभर झुंज दिली त्यांच्याच मंत्रिमंडळात १९९९ साली बसावे लागले. २००२ साली पक्ष बाहेर पडला. आणि आबासाहेब थांबल्यावर उमेदवार घरातूनच आला. २०१९ साली एक नातू ७६८ मतांनी पडला, २०२४ साली दुसरा नातू निवडून आला. हा लोकांचा कौल आहे, त्याचा आम्ही मान राखतो. परंतु इतक्या वर्षांत वर्गणी देणाऱ्यांतून एखादा उमेदवार का उभा राहिला नाही, हे कोडे आम्हांस सुटलेले नाही. आमच्या युनियनमध्येही सरचिटणीस बदलावयास माणूस सापडत नाही, तेव्हा फार मोठ्याने बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही.

त्या जीपगाडीच्या प्रकरणानंतर आम्ही कुलपाचा डबा उघडला. मागल्या निवडणुकीस त्यात अनामतीपुरते, पत्रकांपुरते आणि एका रिक्षाच्या भाड्यापुरते जमले. उमेदवार पडला, अनामतही जप्त झाली. खर्चाचा कागद आम्ही कचेरीबाहेरच्या फलकावर लावला. चहाच्या बिलात चाळीस रुपयांची चूक एका फिटरने दाखवली. ती दुरुस्त करून कागद पुन्हा लावला आहे.