तरखान : एका शब्दाची मुलूखगिरी

माणसांप्रमाणे शब्दांनाही मुलूखगिरीची हौस असते. मात्र मुलूख बदलला की त्यांचा स्वभावही पालटतो. तुर्की भाषाकुळातील ‘तरखान’ या शब्दाची कथा अशीच मोठी मौजेची आहे.

मंगोलियात आठव्या शतकातील तुर्की शिलालेख उभे आहेत. त्यांपैकी एकात तोन्युकुक हा वृद्ध प्रधान आपल्या नावाला ‘तरखान’ ही पदवी जोडतो. तरखान म्हणजे दरबारातील बडा अधिकारी. पण या लेखांत त्याचे अनेकवचन ‘तरकत’ असे येते, आणि ती रीत तुर्की व्याकरणाची नव्हे. तेव्हा तुर्कांनीही हा शब्द कोणा शेजाऱ्याकडून उचलला असावा, असे अनेक पंडित मानतात.

काकेशस पर्वतापलीकडे हा शब्द तलवार घेऊन उतरला. इ. स. ७६४ मध्ये खझारांनी जॉर्जियातील तिफ्लिस घेतले; त्यांच्या सेनापतीच्या नावातच ‘तरखान’ होते.

पुढे मंगोलांच्या अमदानीत अर्थाने वळण घेतले. बदाई आणि किशिलिक या दोन घोडेराख्यांनी शत्रूचा बेत चंगीझखानाला वेळीच कळवला. त्याने त्यांना तरखान केले. लुटीत मिळेल ते आणि शिकारीत सापडेल ते त्यांचेच. कोणाला वाटा देणे नाही! ‘बडा’ मागे पडला, ‘मोकळा’ पुढे आला. १३३४च्या सुमारास व्होल्गाकाठी पोचलेला इब्न बतूता सांगतो, की एका तुर्की हाजीसाठी सुलतानाने तेथील जागा करमुक्त केली, म्हणून तिला हाजी तरखान म्हणू लागले. आजच्या अस्त्राखानचे नाव त्यावरूनच आले.

जॉर्जियन भाषेतही ‘तरखानी’ म्हणजे सारामाफी मिळालेला माणूस. ‘तरखनिश्विली’, म्हणजे तरखानाचा पुत्र, हे तेथील एक खानदानी आडनाव आहे.

आजच्या मंगोलीत ‘दरखान’ म्हणजे लोहार, कारागीर. आणि पंजाबात सुताराला ‘तरखाण’ म्हणतात. दोघांचे नाते जोडण्याचा मोह होतो खरा. पण पंजाबी शब्द संस्कृत ‘तक्षन्’चा वंशज आहे. चेहरा सारखा, कूळ निराळे.

ज्या शब्दाने जॉर्जियावर एकदा फौज आणली, त्याच शब्दाने तेथे पुढे कराचे ओझे उतरवले. अधिकाऱ्याचा रुबाब लोक विसरले. मिळालेली मोकळीक मात्र त्यांनी आडनावात जपली.