पान सारखे, कूळ वेगळे: सायकस आणि टिलोफायलम

१/ ठाणे असो वा डोंबिवली, गृहसंकुलाच्या प्रवेशद्वाराशी सायकसचे झाड हमखास आढळते. ‘डायनोसॉरच्या काळातले झाड’ ही त्याची ख्याती. तिच्यात तथ्य किती? त्याचे उत्तर दगडांत उमटलेल्या काही पानांपाशी आहे.

२/ ती पाने पारसिकच्या डोंगरात शोधून उपयोग नाही. ठाणे-कल्याण परिसराचा काळा बसाल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. ही पाने त्याहून पुष्कळ जुनी. ती जपली कच्छमधील गाळाच्या खडकांनी.

३/ मुंबई इलाख्याच्या लष्करातील अभियंता कॅप्टन ग्रँट याने कच्छच्या भूरचनेचा अभ्यास केला. तेथील पर्णठशांना १८४० मध्ये जॉन मॉरिस या इंग्रज अभ्यासकाने नाव दिले ‘टिलोफायलम’, म्हणजे पिसासारखे पान. मध्ये दांडा, दोन्ही अंगांना अरुंद पर्णिका. अशी पाने दीर्घकाळ सायकसच्याच गोतावळ्यात गणली गेली.

४/ कलाटणी मिळाली १९१३ मध्ये. थॉमस आणि बँक्रॉफ्ट यांनी जीवाश्म पानांची मेणचट उपत्वचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पानांच्या श्वसनरंध्रांची घडण दोन प्रकारची निघाली. एक प्रकार आजच्या सायकसवर्गाशी जुळणारा. दुसरा बेनेटायटेलीस या नामशेष गटाचा. टिलोफायलम या दुसऱ्या गटातले.

५/ पान कळले, पण झाड? १९३२ मध्ये बिरबल साहनी यांनी राजमहाल टेकड्यांतील (आजचे झारखंड) जीवाश्मांवरून खोड, टिलोफायलमची पाने आणि फुलासारखे प्रजननांग यांची सांगड घालून ‘विल्यमसोनिया सेवार्डियाना’ या वनस्पतीचे रूप उभे केले. सायकसला शंकू येतात, फुले नव्हेत. पानांनी लपवलेला भेद प्रजननांगाने उघड केला.

६/ मग सायकस तरी प्राचीन आहे का? त्याचा वर्ग निश्चितच प्राचीन, डायनोसॉरांच्याही आधीचा. परंतु २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार, आजच्या बहुतेक जाती गेल्या सुमारे १.२ कोटी वर्षांतच उदयास आल्या. घराणे जुने, पिढी नवी. म्हणून ‘जिवंत जीवाश्म’ हे बिरुद जपून वापरावे.

७/ टिलोफायलमचे कूळ वारस न ठेवता संपले. सायकसवर्ग टिकला, पण आज तो सर्वाधिक संकटग्रस्त वनस्पतिगटांपैकी एक आहे. बागेतला सायकस बहुधा जपानी वंशाचा. आपल्या पश्चिम घाटातला ‘सायकस सर्सिनॅलिस’ मात्र धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे.

८/ तात्पर्य: रूपसाम्य म्हणजे नाते नव्हे. इतिहासातही आडनाव जुळले म्हणून वंश जुळत नाही. पुरावा पृष्ठभागाखाली शोधावा लागतो. आणि जे घराणे अजून हयात आहे, त्याचे ठसे होण्याआधी त्याला जपावे लागते.