पडद्यावरील भूत आणि प्रोफेसर केळफा

भुताचें सोंग आणून हंसविणारीं जुनीं मूकचित्रें पाहण्याचा छंद आमच्या नागपुरांतील कांहीं स्नेह्यांस आहे. महिन्याकांठीं एखाद्या रविवारीं सीताबर्डीवर एकाच्या दिवाणखान्यांत ही मंडळी जमते आणि वीस मिनिटांच्या चित्रावर दोन तास वाद चालतो. गेल्या बैठकींत बस्टर कीटनचें १९२१ सालचें 'हाँटेड हाउस' पाहिलें. घर खोट्या नोटा करणाऱ्यांचें. कोणी जवळ फिरकूं नये म्हणून त्यांनीं तेथें चादरी पांघरलेलीं भुतें उभीं केलेलीं. जिन्याच्या पायऱ्या एकाएकीं सपाट होतात, आणि बिचारा कीटन जितक्या वेळां वर चढतो तितक्याच वेळां घसरत खालीं येतो. हंसूं ओसरल्यावर एक तरुण मित्र म्हणाले, "मराठींत असलें कांहीं संभवतच नव्हतें; आपला चित्रपट देवळांतून निघाला." हें मत आम्हांस मान्य नाहीं.

देवळांतून तो निघाला खरा, पण त्याच्या खांद्यावर गारुड्याची झोळी होती. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं जादूचे प्रयोग करीत, आणि आपलें आडनांव उलटें करून स्वतःस 'प्रोफेसर केळफा' म्हणवीत. पुढें याच नांवानें त्यांनीं जादूचें एक लहान चित्रही काढलें. 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीला 'पिठाचे पंजे' ही विनोदी पुरवणी होती. आगकाड्यांना चालतें करणारें एक चित्रही त्यांनीं केलें. पॅरिसचा जॉर्ज मेलिएस हाही मूळचा जादूगारच. त्याच्या १८९६ सालच्या तीनएक मिनिटांच्या चित्रांत वटवाघळाचा सैतान होतो. युक्ति साधी: कॅमेरा थांबवावा, वस्तु बदलावी, पुन्हां फिरवावा. पॅरिसांत जिनें सैतान उभा केला, तीच युक्ति नाशिकांत देव प्रकट करूं लागली.

तथापि मित्राच्या बोलण्यांत खोंच आहे. जादू आली, विनोद आला. भूत मात्र देवाइतकें सहज आलें नाहीं. आमच्या मतें याचें कारण भक्ति नव्हे. कीटनच्या भुताची चादर ओढली कीं खालीं चोर निघतो. आपलें भूत कोणाचें तरी नातेवाईक असतें. मुंजा हा मुंज होऊन लग्नाआधीं गेलेला मुलगा, हडळ ही बहुधा बाळंतपणांत गेलेली बाई. आमच्या आजीचा धाकटा भाऊ असाच गेला. परसांतल्या पिंपळाजवळून जातांना तिचा आवाज आपोआप खालीं येई. त्या पिंपळाखालीं कोणी घसरून पडला असता तर ती हंसली असती, असें आम्हांस वाटत नाहीं.

१९८२ सालच्या 'एक डाव भुताचा'मध्यें अशोक सराफांचें भूत आलें, तें भिडस्त मास्तरांचा पाठीराखा होऊन. घरचें माणूस म्हणून आल्यामुळेंच लोक त्याला मनमोकळे हंसले. हें आम्हीं मांडलें तेव्हां तरुण मित्र म्हणाले, "मग पुढल्या रविवारीं तेंच लावूं." मूकचित्राचा नेम मोडतो म्हणून दोघांनीं हरकत घेतली आहे.