सैन्याची दोन दारे

पदवी हाती आल्यावर सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणापुढे दोन वाटा असतात. शिपाई म्हणून भरती व्हावे, की परीक्षा देऊन अधिकारपदाची सनद मिळवावी? आज हा प्रश्न मुख्यतः वयाचा, तयारीचा आणि वृत्तीचा आहे. शंभर वर्षांपूर्वी तो तसा नव्हता. त्या काळी सुशिक्षित हिंदी तरुणाला निवडीचा अधिकारच नव्हता. तो कसा मिळाला, हे ज्याला निवड करावयाची आहे त्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

इंग्रजी अमदानीत हिंदी शिपाई नाईक, हवालदार, जमादार अशा पायऱ्या चढत सुभेदार-मेजर होई आणि तेथेच थांबे. जमादार-सुभेदारांची सनद व्हाइसरॉयची, तर इंग्रज अधिकाऱ्याची राजाची. त्यामुळे पंचवीस वर्षे चाकरी केलेल्या सुभेदाराला काल आलेल्या इंग्रज लेफ्टनंटाचा हुकूम मानावा लागे. ही मर्यादा अडाणीपणामुळे पडली होती असेही नाही. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते; परंतु त्यांनाही सुभेदारीची वेस ओलांडता आली नाही. दुसरीकडे, ‘लढवय्या जाती’ ठरवून भरती करणाऱ्या सरकारची पसंती खेड्यातील शेतकऱ्यांच्या मुलांना असे. शहरातील शिकलेल्या तरुणाकडे ते संशयाने पाही. म्हणजे महाविद्यालयीन तरुणाला वरचे दार वर्णामुळे बंद, आणि खालचे बहुधा शिक्षणामुळे!

पहिल्या महायुद्धाने वरचे दार किंचित किलकिले केले. १९१७ च्या ऑगस्टमध्ये हिंदी लोकांना राजाची सनद देण्याचे धोरण जाहीर झाले. पुढे इंग्लंडातील सँडहर्स्ट येथे वर्षाला दहा जागा हिंदी उमेदवारांसाठी ठेवण्यात आल्या. याच सुमारास इंदूरच्या डेली कॉलेजात अधिकारपदाचे शिक्षण देणारी एक शाळा निघाली. ती अल्पकाळच चालली. तथापि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून तेथे आलेला करिअप्पा नावाचा कोडगू तरुण १५ जानेवारी १९४९ रोजी स्वतंत्र भारताचा पहिला हिंदी सरसेनापती झाला.

परंतु सँडहर्स्टची वाट बिकट होती. परदेशचा खर्च पालकांनी सोसावयाचा, आणि परत आल्यावर नेमणूक बहुतेक ठराविक आठ पलटणींतच व्हावयाची. इंग्रज अधिकाऱ्यावर हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करण्याची पाळी येऊ नये, हा या योजनेतील छुपा हेतू. अशा स्थितीतही कोल्हापूरकडील वडगावचे शंकरराव थोरात १९२६ मध्ये सँडहर्स्टहून अधिकारी होऊन आले. १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या भारतीय सैन्याचे आधिपत्य त्यांच्याकडेच होते.

हिंदुस्थानातच लष्करी विद्यालय हवे, ही मागणी वर्षानुवर्षे होत होती. ती १९३२ च्या ऑक्टोबरात डेहराडून येथे पुरी झाली. पहिल्या तुकडीत चाळीस विद्यार्थी होते. पंधरा खुल्या परीक्षेतून आलेले, पंधरा सैन्यातील शिपाईगिरीतून वर आलेले आणि दहा संस्थानी फौजांतले. सॅम माणेकशा अमृतसरच्या महाविद्यालयातून परीक्षेच्या वाटेने आले होते, तर महंमद मुसा सैन्यात नाईक होते. ब्रह्मदेशचे स्मिथ डन हेही सैन्यातूनच आलेले. तुकडीतील सर्वोत्तम विद्यार्थ्याला द्यावयाची मानाची तलवार डन यांना मिळाली. पुढे माणेकशा भारताचे, मुसा पाकिस्तानचे आणि डन ब्रह्मदेशचे सेनापती झाले. भिन्न दारांनी आत आलेली माणसे एकाच उंचीवर पोहोचू शकतात, याला याहून ठळक पुरावा कोणता हवा?

शिपायाला अधिकारपदासाठी तयार करणारी संस्था त्याही आधी, १९२९ मध्ये, बुंदेलखंडातील नौगाव येथे निघाली होती. ती किचनर कॉलेज या नावाने ओळखली जाई. १९६० मध्ये तिचे आर्मी कॅडेट कॉलेज झाले. काही वर्षे पुण्यात राहून १९७७ मध्ये ते डेहराडूनला गेले. निवडक जवान तेथे पदवी घेतात आणि मग अधिकाऱ्याचे शिक्षण घेतात. म्हणून शिपाई झाल्याने वरचे दार कायमचे बंद होत नाही. परंतु तेथे जागा थोड्या आणि वयाची अट कडक असते, हेही विसरून चालणार नाही.

पदवीधराने मग काय करावे? शिपायाचे काम हलके आणि अधिकाऱ्याचे थोर, अशी विभागणी इतिहासाला मान्य नाही. बेळगाव हे ज्यांचे घर त्या मराठा लाइट इन्फंट्रीतील नाईक यशवंत घाडगे यांनी १९४४ मध्ये इटलीत आणि शिपाई नामदेव जाधव यांनी १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. शौर्याला सनद लागत नाही. भेद आहे तो जबाबदारीचा. शिपाई मुख्यतः स्वतःच्या कामाबद्दल उत्तर देतो. अधिकाऱ्याला तीस-पस्तीस जणांच्या जिवाबद्दल उत्तर द्यावे लागते. निवडमंडळ पाच दिवस उमेदवाराला पारखते, ते या ओझ्यासाठीच. शिवाय २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत शिपायाची भरती चार वर्षांची असून, पुढे कायम होणारे जास्तीत जास्त चौथा हिस्सा, हाही हिशेब पदवीधराने मांडला पाहिजे.

बाविशीतला लेफ्टनंट आजही वीस वर्षे चाकरी झालेल्या सुभेदाराला हुकूम देतो. देखावा जुनाच आहे. परंतु आता तो अधिकार गोऱ्या कातडीने मिळत नाही, पात्रता सिद्ध करून मिळवावा लागतो. सुभेदाराकडून शिकण्याची नम्रता आणि प्रसंगी त्याच्या आधी पुढे होण्याची तयारी ज्याच्या अंगी आहे, त्याने सनदेची वाट धरावी. ज्याला ती तयारी अजून जाणवत नाही, पण बंदुकीची विद्या मुळापासून शिकण्याची हौस आहे, त्याने भरती होण्यात कमीपणा मानू नये. स्मिथ डन यांची तलवार त्याच वाटेने आली होती.